तिठा ते पुळण: वाटेच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

काम एकदाचं ठरलं. मालवण तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं गाव. तिठ्यावरच्या एसटी थांब्यापासून आरोग्य उपकेंद्र, देऊळ आणि खाली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, एवढी वाट कोणालाही एकट्याने करता यावी अशी करायची. पैसे: ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग निधी, तो दोन वर्षं नुसता साठलाय, आणि मुंबईच्या चाकरमान्यांची वर्गणी. मजूर थोडे पगारी, बाकी श्रमदान. सरपंचांचं म्हणणं, "एक रॅम्प घाला नि फोटो काढा." मी हसले, कारण डिप्लोमा झाल्यापासून अकरा वर्षांत मीही तेच केलंय. शाळेचे दोन, दवाखान्याचा एक, असे रॅम्प माझ्या हातून झालेत. त्यावरून खुर्ची जाताना मी एकदाही पाहिलेली नाही.

आज नुसती टेप लावली. घाटीवरून, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, ४१० मीटर. घाटीला २७ पायऱ्या, चढ साडेचार मीटर.

१७ नोव्हेंबर

आज टेप घरी ठेवली आणि तिघांना घेऊन वाट चालले. आक्का, वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले, हातात काठी. शिवणकाम करणारी ताई, लहानपणी पोलिओ झालेला, चाकाची खुर्ची. आणि आबा, पूर्वी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या कामावर होते, आता वीस वर्षं दिसत नाही.

सुरुवातच थांब्यावर अडली. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना २०२२पासून एसटीचं तिकीट फुकट आहे, आक्का त्यावर खूश आहे. पण तिठ्यावर गाडी मातीत थांबते आणि पहिली पायरी आक्काच्या गुडघ्याच्या वर येते. कंडक्टर हात देतो, कधी मागून कोणी ढकलतं. गाडी आपल्याला बदलता येणार नाही, जमीन वर आणता येईल. थांब्याचा ओटा वीतभर उचलला तर पायरी आवाक्यात येईल. नोंद केली.

उपकेंद्राच्या दारात पायरी नाही, म्हणून सगळे म्हणतात तिथे अडचण नाही. दाराला उंबरा आहे, चार बोटं. ताईची पुढची लहान चाकं त्याला बरोबर आडवी लागली. ती वळली, पाठीमागून मोठी चाकं चढवून उलटी आत गेली. "सवय आहे," म्हणाली. बीपी मोजायला माणूस उलटा आत जातो, हे मला अकरा वर्षांत दिसलं नव्हतं.

देवळाजवळचा पार जेमतेम फूटभर उंच. आक्का टेकली आणि उठेना. आबांनी हात दिला, त्यांना दिसत नाही आणि तिला उठता येत नाही, दोघं मिळून उभे राहिले. बाकाची बैठक ४५ सें.मी. हवी आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, म्हणजे रेटून उठता येतं. हाताशिवायचं बाक म्हाताऱ्या माणसासाठी अर्धंच असतं.

मग घाटी. ताई तिथूनच परत फिरली. आक्का वर उभी राहून म्हणाली, "चेडवा, चढूक काय वाटणा नाय, उतरूक भ्या वाटता." मी पायऱ्या एकेक मोजल्या. जांभ्याचे चिरे, कुठे १२ सें.मी., कुठे २३. चढताना पाय उंचीचा अंदाज घेतो, उतरताना घेता येत नाही. आबा मात्र काठी न टेकता भराभरा उतरले. त्यांना सत्ताविसच्या सत्तावीस पाठ आहेत. म्हणजे मी त्या सारख्या करायला गेले तर पहिला अडखळणार तो हाच माणूस. हे लक्षात ठेवायचं.

२० नोव्हेंबर

पुळणीवरच्या शौचालयाला खुर्चीचं चित्र आहे. दार ७० सें.मी., आत उघडतं. आत मंडपाचं कापड, दोन खराटे आणि एक मोडका लाऊडस्पीकर. दार ९० सें.मी. मोकळं हवं, बाहेर उघडणारं, आत खुर्ची वळायला दीड मीटरचा घेर. कापडाला दुसरी जागा सरपंच बघतो म्हणालेत.

३० नोव्हेंबर

हिशोबाचा दिवस. १:१२ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट वाट. ती शेवटची मर्यादा आहे, सोयीचा उतार नव्हे. हाताने चाक ढकलणाऱ्या बाईला १:१५ सुद्धा दमवतो. साडेचार मीटर चढाला १:१५ने साडेसदुसष्ट मीटर लागतात, दर नऊ मीटरला दीड मीटरची सपाट विसाव्याची जागा धरली की ७८. घाटीच्या बाजूला एवढी जागा नाही. सापासारखी वळवली तर दोन फणस आणि एकाचं खळं जातं. खळ्याचा मालक गोरेगावला असतो आणि भावाशी बोलत नाही.

सभेत एकाने विचारलं, हे सगळं सक्तीचं आहे का. २०१६चा दिव्यांगजन अधिकार कायदा आहे, त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय. सुगमतेची मानकं मात्र इतकी वर्षं शिफारशीसारखीच वापरली गेली. याच महिन्यात, ८ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी यांच्या खटल्यात सांगितलं की नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, बंधनकारक नियम तीन महिन्यांत करा. मी हे वाचून दाखवलं. विचारणारा म्हणाला, "मग आधी दिल्लीवाले करूंदेत." चहा झाला, सभा संपली.

१५ डिसेंबर

आबांनी सोडवलं. घाटीचं रडगाणं ऐकून म्हणाले, "गाडीची पाणंद खय गेली?"

देवळाच्या मागून बांधाला धरून एक जुनी पाणंद आहे. पूर्वी बैलगाड्या त्या वाटेने खाली शेणखत नि वर भात नेत. घाणेरीने इतकी भरलीय की मी तिला गडग्यामागचं रान समजत होते. कोयता घेऊन दोघं मुलं पुढे, मी मागे. ११८ मीटर भरली, तीच साडेचार मीटर उंची. सरासरी १:२६. मी लेव्हलची पाण्याची नळी दोनदा लावली, पाणी दोन्हीकडे थांबेपर्यंत बसून राहिले, कारण विश्वास बसेना.

खरं तर बसायला हवा होता. भरली गाडी उतरताना बैलाच्या मानेवर येते, म्हणून त्या लोकांनी उतार बैलाला विचारून काढला. पायवाट माणसाने जवळची काढली, पायऱ्या घातल्या. नंतर गाड्या गेल्या, रिक्षा वरच्या डांबरी रस्त्याने आली आणि गावातली एकमेव सरळ वाट रानाला दिली.

एकच जागा वाईट: व्हाळीजवळ, म्हणजे ओहोळाजवळ, सात मीटर, तिथे १:९. तोच उतार बारा मीटरवर पसरला की १:१५ होतो. वर थोडं खणायचं, खाली थोडं भरायचं.

घाटी जशी आहे तशी ठेवायची. ती आबांची आहे.

९ जानेवारी २०२५

संमतीपत्रं. पाणंदीच्या दोन्ही बाजूंनी चार कुळं, तीन मुंबईत. दोघांनी फोनवर हो म्हटलं. तिसऱ्याची अट, गडगा पाडाल तर त्याच चिऱ्यांचा परत बांधून द्यायचा. रास्त आहे, लिहून दिलं.

२८ जानेवारी

मेस्त्रींशी पहिलं भांडण. व्हाळीजवळच्या तुकड्याला त्यांनी नजरेने उतार दिला. मी मोजला, १:१० निघाला. "रॅम्प असोच आसता, बाय. सगळीकडे असोच करतव." त्यांचं खोटं नाही, सगळीकडे असाच करतात.

आकडे सांगून उपयोग नव्हता. १२० सें.मी.ची सरळ फळी घेतली आणि तिच्या एका टोकाला खालून ८ सें.मी.चा लाकडी गुटका ठोकला. फळी उतारावर ठेवायची, गुटक्याची बाजू उताराच्या खालच्या अंगाला, वर पाणसळ. बुडबुडा मध्ये आला तर १:१५. फळीचं खालचं टोक खालीच राहिलं तर अजून भरायचं आहे. मेस्त्रींनी फळी उलटसुलट करून पाहिली, बुडबुड्याकडे बघत राहिले, मग काही न बोलता घमेलं उचललं. संध्याकाळी बघते तर त्यांनी गुटक्यावर कोळशाने "ताई" असं लिहिलंय. मापाचं नाव ठेवलं.

आडवा उतार १:५०, व्हाळीच्या बाजूला. एवढाच. पाणी जायला पुरतो, खुर्ची एका अंगाला ओढली जात नाही.

२० फेब्रुवारी

चूक माझी, म्हणून सविस्तर.

थांबा ते देऊळ या पट्ट्यात स्पर्शाच्या लाद्या घातल्या: उभ्या रेघांची लादी म्हणजे पुढे चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, इथे काहीतरी आहे. ही युक्ती जपानच्या सेइची मियाके यांची, पहिल्यांदा १९६७मध्ये ओकायामा शहरात रस्त्यावर बसली. लाद्या छान बसल्या, मेस्त्रींनी दोरी लावून एका रेषेत आणल्या. आबांना आणलं. पायाने रेघा चाचपत ते चालले, आम्ही मागून. देवळाच्या वळणाशी त्यांची काठी ठण्णकन वाजली.

विजेचा खांब. रस्ता रुंद करताना तो दोन फूट आत सरकवला गेला. मला माहीत होतं, मी तिथे उभी होते. नकाशावर मात्र तो जुन्या जागीच राहिला आणि लाद्या नकाशाने गेल्या.

आबा खांबाला हात लावून म्हणाले, "तुझी वाट खांबार जाता मगे." सगळे हसले, मीही हसले. रात्री झोप आली नाही. काठी नसती तर कपाळ होतं.

अकरा लाद्या उखडल्या, सात फुटल्या. नवीन ओळ खांबापासून हातभर दूर. लागल्या हाती पुढच्या पट्ट्यातल्या लाद्या निम्म्या केल्या. पाणंदीत एका बाजूला गडगा आहे, काठीला त्याची कड पुरते. जिथे कड आहे तिथे लादी घालणं म्हणजे दुकानदाराची सोय.

२२ मार्च

पाणंदीच्या व्हाळीकडच्या बाजूला कठडा. वरचा दांडा ९० सें.मी., खाली मुलांसाठी आणि खुर्चीतून धरणाऱ्यांसाठी दुसरा. गॅल्व्हनाइज्ड पाइप घेतला. साधा लोखंडी इथल्या खाऱ्या वाऱ्याला दोन पावसाळे टिकत नाही. टोकं पुढे एक फूट काढून खाली वळवली. हे एक फूट महत्त्वाचं: उतार सुरू होण्याआधी हाताला दांडा लागला की पाय तयार होतो.

दुपारी दीड वाजता आक्काने धरला आणि सोडला. तापलेला. मार्चातच.

५ एप्रिल

दांड्याचं उत्तर रापणकरांनी काढलं. जुन्या जाळ्याची नायलॉन दोरी होती, ती दांड्यावर घट्ट गुंडाळायची. काथ्या सुचवला होता मी, पण तो पावसात भिजून कुजतो आणि हाताला सुटतो. नायलॉन तापत नाही, ओला झाला तरी पकड देतो, आणि खोपीत फुकट पडलेला आहे.

आबा आले, बसले आणि दोरीचं टोक मागितलं. दिसेनासं झालं तरी जाळी विणायचं त्यांनी सोडलं नव्हतं, बोटांना आस, म्हणजे जाळ्याची भोकं, माहीत आहेत. गुंडाळताना त्यांनी मध्येच एक गाठ मारली. विचारलं तर म्हणाले, हय वळान आसा. पुढे विसाव्याच्या जागेआधी दोन गाठी. खाली पुळणीचा फाटा येतो तिथे तीन, जवळजवळ.

मी ब्रेलच्या पट्ट्यांची चौकशी करून ठेवली होती. आबांना ब्रेल येत नाही. दृष्टी पंचावन्नाव्या वर्षी गेली, शिकवणार कोण. गाठ येते. ब्रेलची पट्टी थांब्यावर एक लावायची, बाहेरून येणाऱ्यांसाठी. दांड्यावर गाठीच राहतील. शाळेतली पोरं आता डोळे मिटून गाठी मोजत खाली पळतात आणि एकमेकांवर आपटतात. चालायचंच.

२७ एप्रिल

पुळण. इथे पक्कं काही बांधायचं नाही, सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र आहे, आणि नसतं तरी बांधलं नसतं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२मध्ये दिव्यांगांसाठी २६३ मीटरची लाकडी वाट झाली, चांगली झाली, लोक पहिल्यांदा पाण्यापर्यंत गेले. दोन आठवड्यांत मंदौस वादळाने तिचा भाग तोडला. समुद्राशी पैज लावायची नाही, गुंडाळून घरी नेता येईल असं काही हवं.

आधी ताईला घेऊन बसले, भरती-ओहोटी बघत. खुर्ची अडते कुठे? सुक्या मऊ वाळूत, पुढची चाकं रुततात. ओहोटीनंतरच्या ओल्या घट्ट पट्ट्यावर तीच खुर्ची रस्त्यासारखी चालते. म्हणजे प्रश्न अख्ख्या किनाऱ्याचा नाही, सुरूच्या बनापासून ओल्या वाळूपर्यंतच्या २२ मीटरचा आहे.

माणगा बांबू इथे घरोघरी. भरीव असतो, वाकतो, सहसा मोडत नाही. उभा चिरून पट्ट्या, नायलॉनने आडव्या बांधून तीन-तीन मीटरच्या गुंडाळ्या केल्या. पहिल्या गुंडाळीत पट्ट्यांमध्ये बोटभर फट राहिली, लहान चाक तिच्यात बसलं आणि ताई पुढे कलली. पकडली. दुसऱ्या खेपेला पट्ट्या चिकटवून बांधल्या. आठ गुंडाळ्या, दोन माणसं वीस मिनिटांत पसरतात.

ओला पट्टा कधी मिळेल हे थांब्यावरच्या फळ्यावर लिहायचं. पुस्तक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा साधारण तास येतो. अष्टमीला सहा. त्याच्या सहा तासांनी ओहोटी. फळा लिहायचं काम आक्काकडे, कारण तिथी तिलाच माहीत असते.

संध्याकाळी ताई पाण्याच्या कडेला गेली. दर डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी पोहण्याच्या स्पर्धा होतात, दिव्यांग पोहणारेही उतरतात. ती म्हणाली, मी पेपरात फोटो बघायची आणि विचार करायची, ही माणसं वाळू कशी ओलांडतात. एक लाट चाकांखालून गेली, खालची वाळू ओढली गेली, खुर्ची तिरकी झाली. ती ओरडली. आम्ही धावलो तर म्हणते, थांबा, अजून एक येऊंदे.

चाकांच्या बेअरिंगला खारं पाणी लागलं. घरी गेल्यावर गोड्या पाण्याने धुवून तेल. लिहून ठेवलं, नाहीतर वाट होईल आणि खुर्ची जाईल.

२१ मे

कालपासून पाऊस. मे महिन्यात असा, दिवसभर. व्हाळीजवळचा शेवटचा नऊ मीटरचा काँक्रीटचा तुकडा परवा संध्याकाळी ओतला होता. ताडपत्री होती, वाऱ्याने उडाली. वरचं सिमेंट धुऊन गेलं, खडी दात विचकून बसलीय. व्हाळी गढूळ.

२६ मे

मान्सून कालच देवगडपर्यंत आला म्हणे. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्याच्या भरवशावर होतो. मेस्त्री म्हणाले, आता दिवाळी. मी नाही म्हटलं. गणपतीला चाकरमानी येणार, त्यांच्या म्हाताऱ्या आया घरोघरी आरतीला जाणार, वाट अर्धवट ठेवता येत नाही. उघडीप मिळेल तेव्हा तीन-तीन मीटर करायचं.

१४ जुलै

तीन तुकडे झाले, पत्र्याचं छप्पर वर धरून. पृष्ठभाग ओला असतानाच हिराच्या खराट्याने आडव्या रेघा ओढल्या, चालण्याच्या दिशेला काटकोनात. रेघांमुळे पाय धरतो आणि पाणी बाजूला जातं.

फणसाखाली शेवाळ आलंच. रेघा असूनही. सावली हवी म्हणून फणस राखला, त्याच सावलीत बुळबुळीत. कोकणात सुगम वाट म्हणजे एकदा बांधायची आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला घासायची वस्तू. अंदाजपत्रकात घासण्याचा रकाना नव्हता, मी हाताने घातला: ब्लीचिंग पावडर, तारेचा ब्रश, दोन माणसं, महिन्यातून दोनदा, जून ते सप्टेंबर. सरपंच म्हणाले ह्याला मंजुरी कशी घेऊ, ह्याचं उद्घाटन होत नाही.

गटाराच्या जाळीच्या गजांमध्ये १२ मि.मी.हून कमी फट, गज वाटेला आडवे. पाचोळा अडकतो. तोही घासण्याच्या रकान्यात.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सोन्याचा नारळ समुद्राला द्यायला गाव खाली उतरलं, घाटीने अर्धं, पाणंदीने अर्धं. मी पाणंदीच्या तोंडाशी उभी राहून मोजत होते, मग सोडून दिलं. टोपल्या घेतलेल्या बायका पाणंदीनेच उतरल्या. गर्भार सून, नातवाला कडेवर घेतलेला आजोबा, हातगाडीवर सोड्याच्या बाटल्या. ज्यांच्यासाठी म्हणून पैसे आले ते तिघंच, बाकी सगळा गाव त्यात घुसला.

ढोल सुरू झाले तसा एक सहा-सात वर्षांचा मुलगा कानावर हात दाबून खाली बसला. आई घाबरली, माणसं गोळा झाली, त्यामुळे आणखीच बिघडलं. आक्काने त्याला धरून पाणंदीतल्या दुसऱ्या विसाव्यावर नेलं, गडग्याच्या आड. तिथे आवाज निम्मा. तो बराच वेळ दोरीच्या गाठी मोजत बसला. ही जागा मी चाकांसाठी ठेवली होती. तिथे आणखी एक बाक घालायचं, भिंतीकडे तोंड असलेलं.

२४ ऑगस्ट

गणपती तीन दिवसांवर. तक्रारी:

पाणंदीतून मोटारसायकली जातात. तोंडाशी खांब रोवावे म्हणतात. खुर्चीला ९० सें.मी. मोकळं सोडायचं तर मोटारसायकलही त्यातून जाते. तिला अडवणारी फट ताईलाही अडवते. खांब नाही. ज्यांच्या घरची पोरं गाडी घालतात त्यांना आक्का भेटणार आहे. मला वाटतं ते पुरेल.

एका चाकरमान्याची मोटार आजच पाणंदीच्या तोंडाला आडवी उभी. काढायला सांगितली, काढली, दुसऱ्याने लावली. जमिनीवर पिवळा पट्टा मारायचा.

थांब्याचा ओटा झाला, १५ सें.मी. पण ड्रायव्हर ओट्याला चिकटून गाडी लावत नाही, टायर घासेल म्हणून. मध्ये हातभर खड्डा राहतो आणि आक्का आता ओट्यावरून खाली उतरून मग पायरी चढते, म्हणजे आधीपेक्षा वाईट. ओट्याच्या कडेचा चिरा धारदार आहे, ती कड गोल करून घ्यायची आणि ओट्यालगत जमिनीवर चाकाची रेघ आखायची. डेपोत जाऊन ड्रायव्हरांशी बोलायचं, चहा पाजून.

मेस्त्री सकाळी आठला. सोबत: सिमेंट एक गोणी, पिवळा रंग दोन लिटर, कानशी, "ताई" फळी.